धोंड्यावरचा पाला

“...पण जुनो पालो खंय गेलो?”

रवळूतात्यांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं. पहिल्या दोन वेळा उमाकांतला वाटलं, म्हाताऱ्याला नवा पाला नीट दिसलाच नाही.

“तात्या, जुना कशाला हवा? हे बघा तरी. चाळीस डहाळ्या आहेत, हिरव्यागार. काल संध्याकाळी एकट्याने तोडल्या, एकट्याने वाहिल्या, एकट्याने रचल्या.”

“तां दिसता माका. जुनो खंय?”

“जाळला.”

धोंड्याच्या पलीकडे कातळावर राखेचा काळा डाग पडला होता. तिकडे तात्यांनी एकदा बघितलं, आणि मग जवळच्या दगडावर हळूच बसले.

उमाकांतला ते बसणं आवडलं नाही. शाबासकी राहू दे, निदान ‘बरां केलंस’ एवढं तरी म्हाताऱ्याने म्हणावं की नाही? तासाभरात तहसीलदारबाई येणार होत्या, सोबत भिंतीच्या मालकाचा वकील. गावातलं दुसरं कोणी काल ढुंकून तरी बघायला आलं होतं का इकडे?

दाभट गावाला तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला डोंगर. वरच्या वाडीतून निघायचं, कातळाचा सपाट सडा ओलांडायचा, खिंडीतून उतरायचं की अर्ध्या तासात समुद्राचे खडक. त्या खडकांवर वाडीतल्या बायका ओहोटीला कालवं फोडतात. त्यांच्या सासवा फोडत होत्या, सासवांच्या सासवाही. डांबरी सडकेने जायचं तर सात किलोमीटरचा वळसा पडतो, आणि ओहोटी काही कोणाची वाट बघत थांबत नाही. बाई पोचेपर्यंत समुद्र परत खडकांवर.

या खिंडीत दोन वर्षांपूर्वी कोणा पैसेवाल्याने बंगल्यासाठी जागा घेतली आणि या कड्यापासून त्या कड्यापर्यंत छातीएवढी चिऱ्याची भिंत घातली. असल्या माणसांना समुद्र दिसतो, समुद्राकडे जाणारी माणसं दिसत नाहीत. बायकांनी भिंतीतले तीन चिरे काढून फट केली. मालकाचा गडी ते चिरे परत बसवी, बायका पुढच्या ओहोटीला परत काढत. असं चाललं होतं. शेवटी गावाने अर्ज केला. मालकाचं उत्तर आलं, इथे वाट नव्हतीच, असेल तर दाखवा.

आता दाखवायची कशी? खिंडीत आणि सड्यावर सगळा उघडा कातळ. मातीत पाऊलवाट उमटते, गवतात उमटते, कातळावर शंभर वर्षं चाललात तरी रेघ उठत नाही. तिथे वाटेची एकच खूण होती, हा पाल्याचा धोंडा. खिंडीतून जाणाऱ्याने वाटेत मिळेल त्या झाडाची एक डहाळी तोडायची आणि जाता जाता या धोंड्यावर टाकायची. का टाकायची, ते कोणाला धड सांगता येत नाही. थकवा जातो म्हणतात, वाट राखणाऱ्याला कळतं म्हणतात. पण हात रिकामा ठेवून त्या धोंड्यापुढून गावचं माणूस जात नाही.

आणि आज धोंड्यावर उमाकांतच्या चाळीस डहाळ्या होत्या.

“तात्या, तुम्ही समजून घ्या,” तो म्हणाला. “तो सगळा वाळका कचरा होता. कुजलेला, काळा पडलेला. बाईंनी तो बघितला असता तर काय म्हणाल्या असत्या? इथे कोणी येतच नाही! म्हणून साफ केलं. धोंडा खराट्याने झाडला, खालचं कुजकं खरवडून काढलं, आणि...”

“खालचांय काढलंस?”

“तेच तर जास्त घाण होतं. वीतभर थर होता.”

तात्यांनी डोळे मिटले.

हे रवळूतात्या म्हणजे रवळू परब. चौतीस वर्षं टपालाची थैली खांद्याला लावून या टोकावरच्या सगळ्या वाड्या पायी फिरलेला माणूस. वय ब्याऐंशी. अजून दर दोन दिवसांनी खिंडीत येतात. उमाकांत मुंबईची नोकरी सोडून गावी आला तेव्हा त्याला ही वाटांची विद्या यांनीच दिली. ओल्या कातळावर पाय कुठे टाकायचा, कुठला झरा चैत्रापर्यंत टिकतो, वारा फिरला की कड्याच्या किती आतून चालायचं. उमाकांतने ती विद्या घेतली आणि शहरातल्या लोकांना पदभ्रमंतीला आणू लागला. दोन दिवस, एक मुक्काम, सागरकिनारा आणि डोंगर. पत्रकावर छापलं होतं, ‘वाटगुरू रवळू परब यांचे पट्टशिष्य’. तात्यांनी त्या पत्रकात तंबाखू बांधून ठेवली होती.

तात्या उठले. धोंड्याजवळ गेले आणि वरची एक डहाळी उचलली.

“ह्यो पालो कोणाचो?”

“म्हणजे? माझा. मीच घातला.”

तात्यांनी ती बाजूला ठेवली. दुसरी उचलली.

“नि ह्यो?”

“माझाच.”

“ह्यो?”

“तात्या, सांगितलं ना, सगळ्या...”

“इचारलां तेवढां सांग. ह्यो कोणाचो?”

“माझा.”

“ह्यो?”

“...माझा.”

अकराव्या डहाळीला उमाकांतचा आवाज चढला. सतराव्याला तो बोलेनासा झाला. तात्या थांबले नाहीत. प्रत्येक डहाळी त्याच्या तोंडासमोर धरायचे, उत्तराची वाट बघायचे, आणि ते आलं नाही तरी बाजूला ठेवायचे. चाळीस झाल्यावर त्यांनी सगळ्या परत उचलून जशा होत्या तशा धोंड्यावर रचल्या. एकसुद्धा कमी केली नाही.

“नि सुंदरेचो खंय आसा?”

उमाकांतचं डोकंच फिरलं.

“सुंदराकाकीचा? तिची कालवांची वाट वाचावी म्हणून तर मी हे करतोय! अर्ज कोणी लिहिला? मी. तालुक्याला आठ खेपा कोणी घातल्या? मी. गावाने काय केलं? देवळाच्या पायरीवर बसून मालकाला शिव्या घातल्या. आणि तुम्ही, तुम्ही तर अर्जावर अंगठा... सही करण्यापलीकडे काही केलं नाहीत. पुरावा मागितला त्यांनी. तुमच्याकडे होता काही पुरावा?”

“होतो.”

“कुठला?”

“बाई इली की मी तिका एकच इचारणार होतंय.”

“काय?”

“ह्या कातळार माती खंयसून इली?”

उमाकांतने आजूबाजूला बघितलं.

चहूकडे कातळच होता. काळा, उघडा, बोटभर माती नसलेला. पावसाळ्यात जी चिमूटभर साठते तीही वारा घेऊन जातो. आणि या एका धोंड्यावर वीतभर माती होती, पानांची झालेली. वर हिरवं पान, त्याखाली पिवळं, त्याखाली वाळकं, त्याखाली चुरा, आणि सगळ्यात खाली ओली काळी माती. काल खरवडताना त्याच्या हाताला ती थंडगार लागली होती. तिच्यात एक नेचाही उगवला होता. तो त्याने उपटून टाकला होता, चांगला आठवत होता.

“पण तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? धोंडो झाडू नको म्हणून? आजपावत कोणी झाडल्यान होतो?”

सड्याच्या बाजूने बायकांचे आवाज आले. पाच-सहा जणी होत्या. डोकीवर पाट्या, हातात कालवं फोडायच्या कोयत्या, आणि प्रत्येकीच्या दुसऱ्या हातात एकेक डहाळी. कोणाची करवंदीची, कोणाची काजूची, एकीची नुसती घाणेरीची. पुढे सुंदराकाकी.

ती धोंड्यापाशी आली आणि हात पुढे करून थांबली. डहाळी टाकायला धोंड्यावर जागाच नव्हती. ऐनाच्या झाडाच्या चाळीस डहाळ्या काठाकाठापर्यंत चेपून बसवल्या होत्या, देवळातली आरास असावी तशा.

“ह्यां काय? कोणाचां लगीन आसा?”

तिने राखेकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, उमाकांतकडे बघितलं, आणि तिला कळलं.

“जाळलंस?”

“काकी, मला वाटलं...”

“मेल्या, माज्या सासूचो पालो होतो रे थंय! माजो घोव गेलो त्याच्या तेराव्याक मी ओहोटीक इल्लंय, घरात पोरां उपाशी होती म्हणून. त्या दिसाचो पालो होतो. तुका कोणी सांगल्यान जाळूक? त्या बंगलेवाल्यान तीन वेळा चिरे बसवल्यान, पण पाल्याक हात लावूक नाय रे तेणां! तेका जां सुचूक नाय तां तुका सुचलां?”

“मी तुमच्यासाठीच...”

“आमच्यासाठी नको करू! आमच्याबरोबर चल. दीड वरीस झाला, तू खंय होतंस?”

हे मात्र त्याला झोंबलं, कारण खरं होतं. भिंत झाल्यापासून त्याची शहरातली माणसं फटीतून सरपटायला कुरकुरायची. कपडे फाटतात, पाठीवरच्या पिशव्या अडकतात. मग तो त्यांना डांबरी सडकेने टेम्पोतून फिरवून आणायचा आणि वरून बोट दाखवून सांगायचा, ती बघा, ती आमची जुनी वाट.

सुंदराकाकीने हातातली करवंदीची डहाळी अंबाड्यात खोचली. बाकीच्यांनी आपापल्या पाटीत टाकल्या. ओहोटी लागली होती, भांडायलासुद्धा वेळ नव्हता. एकेक करून त्या फटीतून वाकून पलीकडे गेल्या.

तात्या समुद्राकडे बघत बसले होते.

“तात्या... आता काय करू?”

तात्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

“काहीतरी सांगा. त्या येतीलच.”

तात्यांनी तंबाखूची पुडी काढली. त्याचंच पत्रक.

तहसीलदारबाई चालत आल्या. तरुण होत्या, पायात साधे बूट, हातात कागदांची फाईल. मागून वकील येत होता, कातळ तापला म्हणून तक्रार करत.

“बघा मॅडम,” वकील म्हणाला, “नजर जाईल तिथवर दगड. पाऊलवाटेची एक रेघ दाखवा, मी अर्ज मान्य करतो.”

उमाकांतचं बोट सवयीने धोंड्याकडे गेलं. बाई तिकडे गेल्या. तिथली प्रथा त्यांना माहीत होती, अर्जात तीच तर लिहिली होती. त्यांनी एक डहाळी उचलली, मग दुसरी, मग पाच-सहा. देठ उलटे करून बघितले.

“सगळा ऐनच आहे.”

बाईंनी एका कापावरून अंगठा फिरवला.

“आणि सगळ्यांचा काप एकाच बाजूने. तोडणारा डावखुरा असावा.”

उमाकांतच्या डाव्या हातात कोयता होता. त्याने तो पाठीमागे नेला. नेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

“बनावट पुरावा!” वकील जवळजवळ नाचला. “मॅडम, हे लिहून घ्या. गावाने रातोरात पाला आणून...”

“गावाने नाही!” उमाकांत ओरडला. “गावाचं नाव घेऊ नका! आणि बनावट काय ते तुम्ही मला शिकवता? शंभर वर्षांच्या वाटेवर भिंत घालायची आणि वर विचारायचं, वाट कुठे आहे? घरात शिरून माणसाला बाहेर काढायचं आणि मग म्हणायचं, याला घरच नाही! लाज वाटत नाही तुम्हाला?”

“तुमचं नाव?” बाईंनी शांतपणे विचारलं.

“उमाकांत पेडणेकर. अर्जदार.”

“या वाटेने तुम्ही रोज जाता?”

नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. बायका खाली खडकांवर होत्या, त्यांच्या कोयत्यांचे ठोके वाऱ्यावर वर येत होते. हो म्हटलं तर कदाचित ती वाट वाचली असती. त्याने तात्यांकडे बघितलं. तात्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. उमाकांतला त्या क्षणी गुरूचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

“नाही,” तो म्हणाला. “दीड वर्षात आज... काल पहिल्यांदा आलो. ह्या चाळीसही माझ्या आहेत. एकट्याच्या. बायका रोज जातात. त्यांचा पाला इथे होता. खाली माती होती त्याची. ती मी खरवडली आणि पाला जाळला. तो त्याचा डाग.”

वकिलाचा चेहरा खुलला. आयतं ताट पुढे आलं होतं.

“किती माती होती?” बाईंनी विचारलं.

उमाकांतने वीत दाखवली.

बाईंनी एकदा सगळ्या कातळावरून नजर फिरवली. कड्यापासून कड्यापर्यंत. मग परत त्याच्या वितीकडे बघितलं.

“ती मला दिसायला हवी होती,” त्या हळू म्हणाल्या.

एवढं बोलून त्यांनी लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. धोंडा आहे. धोंड्यावर एका दिवसाचा, एका माणसाने तोडलेला पाला आहे. भिंतीला फट आहे, फटीच्या चिऱ्यांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या आहेत. खडकांवर स्त्रिया काम करताना दिसल्या.

“मी बघितलं तेवढंच लिहिलं. यावर आज हुकूम होत नाही, कोणाच्याच बाजूने. मी पुन्हा येईन. कधी, ते कळवणार नाही.” मग वकिलाकडे वळून म्हणाल्या, “तोवर ती फट बुजली तर तेही लिहीन.”

वकील धुसफुसत मागोमाग गेला. खिंडीत वारा आणि दोघं उरले.

उमाकांतने चाळीस डहाळ्या कवेत घेतल्या आणि कड्यावरून खाली टाकल्या. धोंडा उघडा पडला. काल झाडलेला तो दगड उन्हात नागव्यासारखा दिसत होता. त्याला बघवेना.

“तात्या, उद्या पन्नास माणसं आणतो. माझ्या ओळखीचे लोक आहेत. परवा शंभर आणतो. महिनाभरात इतका पाला करतो की...”

तात्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

ऊन चढलं. भरतीचं पाणी खडकांना लागल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने बायका परतल्या. पाट्या जड, लुगडी गुडघ्यापर्यंत ओली. फटीतून पाटी आधी सरकवायची, मग आपण यायचं. सुंदराकाकी धोंड्यापाशी थांबली. मग अंबाड्यातली करवंदीची डहाळी काढली. ती एव्हाना मलूल झाली होती. तिने ती धोंड्याच्या मधोमध ठेवली.

“आता झाली जागा,” ती म्हणाली. आवाजात राग होताच. पाटी सावरून ती सड्याकडे चालू लागली. मागच्या बायकांनीही आपापली डहाळी टाकली आणि गेल्या.

तात्या काठी टेकत उठले. कड्याच्या भेगेतल्या झुडपाची एक लहानशी डहाळी मोडून त्यांनी धोंड्यावर टाकली, आणि घराकडे निघाले.

उमाकांत कोयता उचलायला वाकला. मग तो तिथेच ठेवून त्याने हातानेच त्याच झुडपाची एक डहाळी मोडली. ती सोलवटली, नीट तुटली नाही, साल लोंबत राहिली. तशीच त्याने इतरांच्या बाजूला ठेवली.

“तात्या,” त्याने पाठीमागून हाक मारली. “असा किती दिवस पाला घालायचा?”

तात्या थांबले. वळले नाहीत.

“तुज्या आधी ह्यां कोणीच इचारूक नाय.”